कंडिशन उत्तम, आवाजाचं तुम्ही बघा

जुन्या गिटारींच्या जाहिराती वाचणं हे एक निरुपद्रवी व्यसन आहे. त्यात पैसे जात नाहीत, कारण ज्या गिटारींबद्दल वाचायचं त्यांतल्या काहींच्या किमतीत पुण्यात टू बीएचके येतो. म्हणजे खरेदीचा मोह पहिल्याच आकड्यापाशी मरतो आणि राहतो तो निखळ वाचनानंद.

या जाहिरातींची भाषा मराठी माणसाला परकी वाटत नाही. वर्षानुवर्षं रविवारच्या पेपरातली स्थळं वाचून आपला डोळा तयार झालेला असतो. ‘ऑल ओरिजिनल’ म्हणजे घराणं निष्कलंक. ‘ऑनेस्ट प्लेवेअर’ म्हणजे वय लपवलेलं नाही. ‘प्लेअर्स गिटार’ म्हणजे स्वभावाने मनमिळाऊ, रूपाचं विचारू नका. आणि ‘प्रोफेशनली रिपेअर्ड क्रॅक्स’ म्हणजे मागे एकदा काहीतरी झालं होतं, पण ते रीतसर मिटलं आहे.

अशा एका गिटारीच्या वर्णनात कंडिशनवर तीन परिच्छेद असतात. प्रत्येक ओरखड्याचा फोटो, आत आरसा घालून काढलेला पोटाचा फोटो, खुंट्या मूळच्या की बदललेल्या, पॉलिश कारखान्यातलं की नंतर कुणी हौसेने मारलेलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नव्वद वर्षांच्या गिटारीला कुणी प्रेमाने पुन्हा पॉलिश केलं की तिची किंमत साधारण निम्मी होते, असा या बाजाराचा हिशोब आहे. आवाजाबद्दल मात्र एकच शब्द लिहिलेला असतो: ‘कॅनन’. जाहिरातीतली प्रत्येक गिटार तोफच असते. एका अर्थी ते बरोबरही आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीने जो थोराड आकार जगात रुजवला, त्याला ‘ड्रेडनॉट’ हे नाव 1906 सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून मिळालं. डी-18, डी-28, डी-45 यांतला ‘डी’ तो.

या सगळ्यात मला गंमत वाटते ती एका जुन्या भांडणाची. कंडिशन आणि आवाज यांचं पहिल्यापासून पटत नाही.

गिटारची तबली म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी. स्टीलच्या सहा तारा मिळून तिच्यावर पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देत असतात, रात्रंदिवस. ती फळी वाकू नये म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार टिकते पण घुमत नाही. तासून हलक्या केल्या तर घुमते, पण पोट फुगतं, दांडीचा कोन बिघडतो, चिरा पडतात. मार्टिनचे कारागीर 1930च्या दशकात त्या पट्ट्या मधोमध खोलगट तासत. मग लोक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगू लागल्या, दुरुस्तीला गिटारी परत येऊ लागल्या, आणि 1944 साली कंपनीने तासणं बंद केलं. गिटारी धट्ट्याकट्ट्या झाल्या. मग तीसेक वर्षं वादक युद्धापूर्वीच्या त्या नाजूक गिटारीच शोधत राहिले आणि 1976 साली कंपनीने तासलेल्या पट्ट्यांची एचडी-28 बाजारात आणली. मधल्या काळातल्या गिटारी जास्त सुखरूप राहिल्या असतील. लोक मात्र फुगलेल्या पोटाच्या शोधात होते.

1933 ते 1942 या काळात मार्टिनने डी-45 या सर्वांत नटव्या गिटारी फक्त 91 बनवल्या. कडेकडेने शिंपल्याची नक्षी, पहिली गिटार जीन ऑट्री या गाणाऱ्या काउबॉय नटासाठी. आज त्यांतली एखादी विकायला निघाली तर ती बातमी होते. पण वादकांना विचारलं, सगळ्यात प्रसिद्ध मार्टिन कोणती, तर बरेच जण ज्या गिटारचं नाव घेतील तिला स्थळांच्या बाजारात कुणी दारातही उभं केलं नसतं.

ती 1935 सालची डी-28, नंबर 58957. किशोरवयातल्या क्लॅरेन्स व्हाइट या गिटारवादकाच्या हाती ती कॅलिफोर्नियात आली तेव्हाच तिचा अवतार झालेला होता. पूर्वीच्या कुणीतरी तारा छेडता छेडता मधल्या भोकाची कड कुरतडून टाकली होती, म्हणून ती तासून भोक मोठं केलं होतं. मूळचा पडदेपट्टा जाऊन दुसराच आला होता, त्यावर खुणेचे ठिपकेही नव्हते. तिला छर्रे लागल्याच्या आणि ती गाडीखाली आल्याच्याही कथा सांगतात. क्लॅरेन्सने ती केंटकी कर्नल्स या आपल्या बँडमध्ये वाजवली. तोवर ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतात गिटारचं काम मुख्यतः मागे उभं राहून ठेका धरण्याचं. क्लॅरेन्सने तिला फिडल आणि बॅंजोच्या रांगेत आणून बोलायला लावलं. 1960 साली नऊ वर्षांच्या, पुढे गिटारवादक म्हणून गाजलेल्या टोनी राइसने ती त्याच्याकडे पाहिली आणि हातात घेतली. 1973 साली एका मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली क्लॅरेन्स गेला. तोवर गिटार दुसऱ्याच कुणाच्या घरी पोचली होती. टोनीने शोध काढून 1975 साली ती 550 डॉलरना घेतली आणि पुढची चार दशकं ब्लूग्रासच्या जगात गिटारचा आवाज म्हणजे काय, याचं उत्तर बहुतेकांच्या कानात त्या एका लाकडाने ठरवलं.

आता त्या आवाजाचं कारण बघा. साध्या डी-28चा खर्ज भरदार, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. भोक मोठं झालं की आतल्या हवेची कंपनसंख्या वर सरकते, खर्जाची गडगड कमी होते आणि वरचे स्वर मोकळे, सुटे ऐकू येतात. एकेक सूर वेगळा उचलून वाजवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणजे जाहिरातीत ज्याचा उल्लेख ‘दुर्दैवाने’ या शब्दाने झाला असता, ते भोकच तिचं वैशिष्ट्य ठरलं.

1993 साली फ्लोरिडात टोनीच्या घरात वादळाचं पाणी शिरलं आणि ही गिटार पाण्यात सापडली. वाळवली, दुरुस्त केली, पुन्हा वाजू लागली. पुढच्याच वर्षी टोनीचा गळा गेला. स्वरयंत्राच्या आजाराने त्या देखण्या आवाजाच्या माणसाचं गाणं थांबलं, पण वाजवणं पुढे जवळजवळ वीस वर्षं चाललं. लाकडाची कंडिशन कारागिराला सुधारता येते. माणसाचं तसं नाही. 2020च्या नाताळच्या दिवशी टोनी गेला.

आणि इथे बाजाराने आपली करामत दाखवली. सांता क्रूझ नावाच्या कंपनीने टोनी राइसच्या नावाची गिटार काढली, मोठ्या भोकाची. खुद्द मार्टिननेही मोठ्या भोकाचं मॉडेल काढलं. कुणा अनामिक वादकाच्या उतावळ्या हाताने जी कड कुरतडली होती, ती आता कारखान्यात मोजमाप घेऊन, गुळगुळीत करून, वॉरंटीसह मिळते.

आवाज खरोखर लाकडाचा की डोळ्याचा, हाही एक खट्याळ प्रश्न आहे. 2018 साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी मुद्दाम बनवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि कुशी वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यांत मोलाचं ब्राझिलियन रोझवूडही होतं, भारतीय रोझवूडही आणि स्वस्तातलं लाकूडही. 52 वादकांना वेल्डरचे काळे गॉगल लावून, अंधुक खोलीत त्या वाजवायला दिल्या. वादकांनी सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. हे वाचून मी विशेष सुखावलो, त्यामागे शिसवाचा अभिमान होता. ब्राझीलहून ओंडके येणं अडलं तेव्हा 1969 साली मार्टिनने आपल्या रोझवूडच्या गिटारींसाठी भारतीय लाकूड घेतलं. भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणारा. तेव्हापासून जाणकार 1969 नंतरच्या गिटारीचं नाव निघालं की एक सुस्कारा टाकतात. ज्या लाकडाच्या पलंगावर आपल्या पणजोबांनी निवांत देह ठेवला, ते लाकूड दुय्यम कसं, हे गॉगल लावल्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

जुनं लाकूड बदलतं हे मात्र खरं. त्यातले काही घटक हळूहळू विघटित होतात, ते हवेतला ओलावा कमी शोषतं, हलकं आणि ताठ होतं. एवढं थांबायला वेळ कुणाला? म्हणून आता स्प्रूसची फळी प्राणवायू नसलेल्या भट्टीत भाजतात. नव्या गिटारीला काही तासांत म्हातारपण येतं. हवे तेवढे ओरखडेही जास्त पैसे मोजून कारखान्यातच काढून मिळतात. शिवाय तारांवर बसवून आठवडाभर गिटार थरथरत ठेवणारं एक यंत्रही मिळतं, म्हणजे माणसाने न वाजवता ती वाजलेली होते. सत्तर वर्षांची म्हातारपणं अशी सुट्टी मिळू लागली असताना कंडिशनवाल्यांची पंचाईत होणार आहे, कारण उद्या ‘ओरखडे ऑल ओरिजिनल’ असल्याचा दाखला मागावा लागेल.

आपल्याला खरं हवंय काय, तर नव्वद वर्षं कुणीतरी उत्कटतेने वाजवलेली आणि तरीही कुणाचा हात न लागलेली गिटार. अशी गिटार नसते. काचेच्या कपाटात, पन्नास टक्के आर्द्रतेत, हातमोजे घालून जपलेली गिटार असते, आणि तिच्याबद्दल तिचा मालक सांगतो ती तिची किंमत. दुसरीकडे भोक कुरतडलेली, पुरात बुडालेली, छर्रे खाल्लेली गिटार असते, आणि तिच्याबद्दल लोक गाण्यांची नावं सांगतात.

तेव्हा 2100 सालच्या रसिकांचा विचार आजच केलेला बरा. त्यांना लागणाऱ्या दुर्मीळ जुन्या गिटारी सध्या आपल्याच घरांत, कव्हरमध्ये, माळ्यावर आहेत. त्या खाली काढाव्यात आणि घरातल्या सगळ्यात दांडगट पोराच्या हाती द्याव्यात. त्याने गणपतीत, सहलीला, गॅदरिंगला त्यांवर मनसोक्त हात मारावा, कडा कुरतडाव्यात. आपल्या हयातीत त्यांची किंमत पडेल, हे मान्य. पण ते आपण ‘ऑनेस्ट प्लेवेअर’ या सदरात घालू.