अनामिकराव

पेपराच्या रविवार पुरवणीत शेवटून दुसऱ्या पानावर, तळाला, एक सदर असतं. कोकणातलं एखादं राहतं घर, भंडारदऱ्याकडचा तंबूतला मुक्काम, तापोळ्याला पाण्याकाठच्या चार खोल्या. अशा आडजागी राहून आलेला माणूस तिथलं बरंवाईट लिहितो आणि खाली नुसतं 'अनामिक' असं छापून येतं. हा अनामिक कोण, हे आमच्या सोसायटीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. कारण रविवारी सकाळी दुधाची पिशवी हलवत अनामिकराव जिन्यात उभे असतात आणि समोर येईल त्याला विचारतात, "आजचं ते सदर वाचलंत का हो? कोण लिहितं कुणास ठाऊक, पण लिहितो मात्र झकास." नाही वाचलं म्हणालात, तर सदऱ्याच्या खिशातून कात्रण निघतं.

त्यांचं दैवत म्हणजे मिशलिन. टायर विकणाऱ्या या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी वाटाड्या पुस्तिका काढली, १९२६पासून त्यात खाणावळींना तारे द्यायला सुरुवात केली, आणि तिचे निरीक्षक आजही ओळख न देता येतात, जेवतात, पूर्ण पैसे मोजून निघून जातात. हा दाखला अनामिकराव कुठेही देतात. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर भरलेल्या सभेतही त्यांनी तो दिला होता. फरक एवढाच, की मिशलिनच्या निरीक्षकाचं बिल मिशलिन भरते. अनामिकरावांना पेपर जे मानधन देतो त्यात जातानाचं पेट्रोल निघतं. येतानाचं वहिनींच्या पेन्शनीतून. वहिनी बँकेत होत्या. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्यामुळे त्यांना बिनसहीच्या माणसाचं फारसं कौतुक नाही.

निघायच्या आदल्या रात्री बॅग भरायचा सोहळा असतो. बॅटरी, मोजपट्टी, आंघोळीचं पाणी खरंच किती गरम आहे ते बघायला थर्मामीटर, पलंगाखाली फिरवायला पांढरा रुमाल, आणि एक छोटी वही. वही कुणासमोर उघडायची नाही, हा नियम. १८५७च्या धामधुमीत विष्णुभट गोडसे वरसईहून निघून थेट झाशीपर्यंत जाऊन आले, पण कुठल्या ओसरीवर निजलो आणि सतरंजी किती जाड होती याचं मोजमाप काही त्यांनी ठेवलं नाही. ती उणीव अनामिकराव भरून काढताहेत.

वेळासची गोष्ट मला वहिनींनी सांगितली, म्हणून ती खरी धरायला हरकत नाही.

वेळास मंडणगड तालुक्यात. थंडी सरता सरता तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडतात. ती पाहायला माणसं लोटतात आणि गावातल्या घरांतूनच उतरतात. अनामिकरावांना एकांत हवा, म्हणून त्यांनी मुद्दाम डिसेंबर गाठला. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली, पलीकडे वेसवीला उतरवली, आणि खाडीचा वारा लागताच वहिनींना बजावलं, "आता मी देशपांडे. विसरू नकोस." वहिनी म्हणाल्या, "मग मी कोण?"

घरी पोचल्यावर यजमानांच्या मुलाने आधारकार्ड मागितलं. सरकारने देशातल्या प्रत्येकाला फोटोसकट ओळखपत्र द्यायचं ठरवलं, तेव्हा गुप्तपणे राहणाऱ्या समीक्षकांचा विचार कुणीच केला नव्हता, अशी अनामिकरावांची जुनी तक्रार आहे. "घाईत घरीच राहिलं," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "चालेल, मोबाइलवर असेल तर पाठवा." त्यावर मोबाइलला रेंज नसल्याचं कारण सांगून त्यांनी ती वेळ मारून नेली. लेखात मात्र 'रेंज नाही' हे त्यांनी उणं म्हणून लिहिलं.

खरी तपासणी पुढे ओसरीवर होती. तिथे आजी सुपारी कातरत बसल्या होत्या.

"देशपांडे का? कुठले?"

"पुण्याचे."

"ते राहायला. मूळचे?"

मूळ गाव ठरवून आणायचं राहिलं होतं. "सांगलीकडचे," असं अंदाजे सांगून झालं. आजींनी मान डोलावली, सुपारीचं एक खांड पुढे केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुलदैवत कोणतं हो तुमचं?"

माणूस नाव बदलू शकतो, गाव बदलू शकतो. पण कुलदैवत विचारल्यावर तोंडातून खोटं निघायला वेगळी छाती लागते. "व्याडेश्वर," अनामिकराव बोलून गेले.

अडकित्ता थांबला. "देशपांड्यांचा व्याडेश्वर? गुहागरचा?" मग आजींनी आत हाक मारली, "अगो, चहा टाक. पाहुणे आपल्याकडलेच आहेत, आडनाव तेवढं सांगत नाहीयेत." दहा मिनिटांत खरं आडनाव, आजोळ, दापोलीला दिलेली आत्या आणि तिच्या दिराने विकलेली कलमं, सगळं ओसरीवर मांडून झालं. वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. हिंदुस्थानभरच्या दरबारांतल्या बातम्या काढणारा माणूस ज्या मातीतला, तिथे हे गृहस्थ मोघम सांगली घेऊन गेले होते!

आडनाव फुटलं तरी सदराचं गुपित शाबूत होतं. ते सांभाळण्यासाठी त्यांनी नेहमीचा उपाय केला. काही टिपायचं असलं की वही पोटाशी धरून न्हाणीघर गाठायचं आणि कडी लावून लिहायचं. घावणे वाढले, हे उठले. उसळीत ओलं खोबरं भरपूर होतं, हे उठले. मोदकाच्या पाकळ्या फार सुबक आल्या होत्या, त्या मोजून पुन्हा उठले. आतली माणसं हे बघत होती. दुपारी आजींनी वहिनींना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "कधीपासून आहे हे?"

रात्री इतरांना कुळथाचं पिठलं आणि गरम भात. अनामिकरावांना मऊ ताकभात. सकाळी इतरांना आंबोळ्या, यांना ताक, वर सुंठपूड. दुपारी पुन्हा ताकभात, मेतकूट घालून. हे सारं टिपून घ्यायला ते पुन्हा आत गेले आणि त्यामुळे ताकाचा मुक्काम आणखी लांबला. वहिनींना खरं कारण ठाऊक होतं. त्या पुरणपोळी खात होत्या.

लेखात छापून आलं : 'परिसर रम्य, माणसं अगत्यशील, आहारात मात्र वैविध्याचा अभाव.'

वेळासकर भले, त्यांनी मनावर घेतलं नाही. अनामिकराव मात्र आपल्या शब्दांच्या परिणामाबद्दल फार हळवे आहेत. कासच्या पठारावर हल्ली फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यात कास होतं, हे बहुतेकांना माहीत आहे. पण अनामिकरावांच्या मते गर्दी झाली ती त्यांच्या अर्ध्या रकान्यामुळे. "मी ते लिहायला नको होतं," असं ते हताशपणे म्हणतात. नका वाईट वाटून घेऊ, त्यात युनेस्कोचाही थोडा वाटा आहे, असं मी एकदा म्हणालो, तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

तेव्हापासून ते जागेचा पत्ता छापत नाहीत. 'नेमकं ठिकाण सांगणार नाही, वाचकांनी क्षमा करावी,' असं लिहितात. मग पुढच्या परिच्छेदात कुठल्या फाट्याला वळायचं, कुठल्या पिंपळाशी विचारायचं आणि यजमानांचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, हे सगळं येतं. संपादक ते तसंच ठेवतात. कापायचीच वेळ आली, तर ते तारे कापतात; वरच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टची अर्ध्या पानाची जाहिरात असते आणि तिच्याखाली दीड तारा बरा दिसत नाही.

गेल्या मोसमात दोघं राजापूर तालुक्यात आंबोळगडला गेले. समुद्राला लागून घर, मागे माड, आसपास चिटपाखरू नाही. ताटात सुरमई आली, सोलकढी आली. अनामिकराव न्हाणीघराकडे निघणार, तोच यजमान खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही ते रविवारचं सदर वाचता का? अनामिकचं?"

अनामिकराव खाली बसले. "कधीमधी. का?"

"आले होते ना आमच्याकडे! मागच्या महिन्यात. आम्ही म्हटलं, नाव तरी सांगा. हसले नुसते. म्हणाले, सांगितलं तर अनामिक कसला? चार दिवस राहिले. रोज खेकडे. पैसे घ्यायला आमचा हात धजेना."

अनामिकरावांचा घास हातातच राहिला. तो मी नव्हेच, असं म्हणायची सोय नव्हती आणि मीच तो म्हणायला पुरावा नव्हता. आधारकार्ड या वेळी खिशात होतं, पण त्यावर काही 'अनामिक' छापलेलं नाही. शेवटी त्यांनी जमेल तेवढ्या तटस्थपणे विचारलं, "माणूस कसा वाटला?"

"अहो, राजा माणूस! पेटी वाजवली, पोरांना पोहायला नेलं, आईच्या पाया पडून गेले. खरं सांगू? लेख एवढे रडके असतात त्यांचे, माणूस इतका दिलदार असेल असं वाटलं नव्हतं."

अनामिकरावांनी दोन दिवसांचे पूर्ण पैसे मोजले, पावती मागितली नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. राजापूर जवळ आल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या माणसाचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता हो. पुढच्या वेळी मी त्याच्याबरोबर जाईन."