सगळं ओरिजिनल!

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाचं एक पालुपद असतं : 'सगळं ओरिजिनल आहे!' आमच्या प्रीमियर पद्मिनीबद्दल मी हे सोसायटीच्या वॉचमनपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. गिअरचा दांडा अजून स्टिअरिंगलाच, काचा हातानं फिरवायच्या. ब्रेक ऑइलही जवळजवळ ओरिजिनलच आहे, हे कुंभार्ली घाटात कळलं.

कराडहून चिपळूणला निघालो होतो. मागे बायको आणि मुलगी, शेजारी मेहुणा. हेळवाक मागे पडलं, उतार लागला आणि पेट्रोल वाचवायची माझी खास विद्या त्याला दाखवावी म्हणून मी गाडी न्यूट्रल केली.

"दाजी, चढताना जो गिअर, उतरताना तोच ठेवतात ना?"

"ते ट्रकवाल्यांना."

न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. त्यात ब्रेक ऑइलला हवेतला ओलावा शोषायची सवय. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. मग पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत काही पोचत नाही. हे सगळं ज्ञान नंतरचं. घाटात एवढंच कळलं, की चिखलात रुतावा तसा माझा पाय पेडलसकट खाली गेला.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि जोरात हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हतं.

हँडब्रेक ओढला. तो ओढल्याचं मला कळलं, गाडीला नाही. मागे रामरक्षा सुरू झाली होती आणि तिची लय गाडीबरोबर वाढत होती. पेडल पंप करत कसाबसा तिसरा गिअर घातला, मग दुसरा. इंजिन असं किंचाळलं की मेहुण्यानं कान झाकले, पण वेग पडला. पुढच्या वळणाआधी डोंगराच्या अंगाला खडीचा ढीग होता. रस्त्याची कामं अर्धवट टाकणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, पण त्या ढिगाला नाही. त्यातच गाडी रुतवली.

मागून आलेला ट्रकवाला थांबला. जळका वास घेऊन म्हणाला, "न्यूट्रल मारलं होतं का?"

मी 'नाही' म्हणेपर्यंत मेहुणा 'हो' म्हणून मोकळा झाला.

तासाभरानं ड्रम निवले, पेडल पुन्हा कडक झालं. पहिल्या गिअरमध्ये सरपटत घाट उतरलो. चिपळूणच्या मिस्त्रीनं पेडल दाबून पाहिलं. "ब्रेक तर एकदम टाइट आहेत, साहेब!" घरच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं चाकाजवळचा निपल सोडला, तेव्हा काढ्यासारखं काळं काहीतरी ठिबकलं. तो काही बोलला नाही, फक्त पोराला नवा डबा आणायला पाठवलं.

परतीच्या दिवशी मी मेहुण्याला समजावलं, की आता घाट चढायचाय, ब्रेकचं काम जवळपास नाहीच. तो एसटीनं गेला. बायको आणि मुलगीही त्याच गाडीत चढल्या.