दाखल्यावरचा एक जून

जोतिबाच्या डोंगराखालची एखादी आई लेकीचा जन्म असा सांगेल: चैत्र यात्रेच्या आधी, घरात सासनकाठीची तयारी चाललेली तेव्हा. शाळेत नाव घालताना मात्र गुरुजींनी १ जून लिहिलं. महाराष्ट्रात कित्येकांचं असंच झालं. पहिलीत प्रवेश मिळाला, विषय मिटला.

तीच मुलगी पुढे अत्याचाराच्या खटल्यात उभी राहिली की सगळं त्या तारखेवर येतं. अठराच्या आत असेल तर पोक्सो, संमतीचा प्रश्नच नाही. अठरा उलटली असतील तर तिचीच उलटतपासणी.

हा घोळ जुना आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला चालला. डॉक्टरांनी वय चौदा ते सोळा सांगितलं. तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे सोळाच्या आत असल्याचं सिद्ध झालं नाही, असं सत्र न्यायालय म्हणालं. मग 'संमती' पुढे आली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. तो निकाल आजही मनाला लागतो.

आज बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, मग पालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडं तर दोन वर्षं इकडे-तिकडे सांगतात. तरी तपास अधिकारी शाळा सोडल्याचा दाखला जोडून मोकळे होतात. २०२३ मध्ये युवाप्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावर वय मान्य केलं नाही. पोक्सोखालची शिक्षा रद्द झाली.

आरोपीचाही हक्क आहेच. अंदाजाने लिहिलेल्या तारखेवर कुणाची दहा-वीस वर्षं तुरुंगात जाऊ नयेत. म्हणूनच खालच्या न्यायालयात शाळेचं जनरल रजिस्टर मागवा. ती तारीख कुणी सांगितली, कशावरून लिहिली, हे मुख्याध्यापकांना साक्षीत विचारा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला जन्मनोंदवहीसह बोलवा. अपिलात न्यायाधीशांपुढे मुलगी नसते, आई नसते. कागद असतो, आणि जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर कागदात सापडत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे येतात. जादा पुरावा घेण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२ त्यासाठीच आहे. जोतिबाच्या डोंगराखालच्या शाळेतलं रजिस्टर त्या बेंचपासून वीसेक किलोमीटरवर असतं. संशय असेल तर सरकारी वकिलांनी अर्ज करावा आणि ते मागवून घ्यावं.