बटव्याचा वेग

घाई हा असंस्कृत मनाचा दुर्गुण होय, हे माझे मत हैदराबादेतील सुलतान बाजारापासून काचीगुड्यापर्यंतच्या समस्त मराठी मंडळींना तोंडपाठ आहे, कारण ते मी त्यांना वर्षानुवर्षे सावकाश ऐकवीत आलो आहे. असे असता माधापुरातील एका काचमहालात बिटकॉइनच्या बटव्याचे सॉफ्टवेअर अधिक चपळ आणि सुलभ करू पाहणाऱ्या तरुणांनी परीक्षक म्हणून मला पाचारण करावे, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला: जन्मभर जमाखर्चाची दप्तरे तपासलेल्या माणसाची नजर त्यांना हवी असणार. भाच्याने तो अर्थ दारातच दुरुस्त केला. “मामांना जमलं, की कुणालाही जमेल,” असे तो आपल्या वरिष्ठ बाईंना अत्यंत आदराने सांगत होता.

जुन्या बटव्यांची वहिवाट अशी, की 3 जानेवारी 2009 पासूनची जगाची सारी कीर्दवही आधी उतरवून घ्यावी आणि कलम न् कलम तपासावे. ती वही आता पाचशे गिगाबाइटांपलीकडे गेल्यामुळे बटवा सज्ज होईपर्यंत खर्चाचा मोहच ओसरतो. (हा गुण काढून टाकू नये, असे मी सुचवले, नोंद झाली नाही.) नवे हलके बटवे त्या वहीतील दर ठोकळ्याचे (म्हणजे ‘ब्लॉक’चे) 80 बाइटांचे शीर्षक तेवढे ठेवतात आणि आपल्यापुरता पुरावा मागून घेतात. तरीही ठोकळा सरासरी दहा मिनिटांनीच तयार होतो. तेथे कोणाची मात्रा चालत नाही, आणि म्हणून उरलेली सुधारणा म्हणजे बव्हंशी वाट पाहणाऱ्याचे मनोरंजन होय. पडद्यावर चक्र फिरू लागले आणि माझ्या अंगठ्याने माझ्या तत्त्वज्ञानाशी फारकत घेतली. ‘पाठवा’ हे बटण तो दाबीतच सुटला. समोरच्या मुलीने लिहून घेतले: वापरकर्ता उतावळा.

गेलेली अब्रू सावरण्यासाठी मी निजामांचे दहा लाख पौंड बाहेर काढले. ही कथा सुरू झाली की आमच्या घरातील माणसे भाजी निवडायला उठून जातात. येथे मात्र सर्वांना खुर्च्यांवर बसून राहण्याचा पगार मिळत होता. सप्टेंबर 1948, निजामांच्या हैदराबाद संस्थानावरील पोलीस ॲक्शनची धामधूम. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबाद सरकारच्या खात्यातून 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे वळते झाले. (त्या 9 शिलिंगांवर माझा विशेष जीव आहे, राज्य बुडत असतानाही कोणी तरी कारकून हिशेब पुरता मिळवीत होता.) महिना संपण्यापूर्वीच निजामांनी कळवले, की हे माझ्या संमतीवाचून झाले, रक्कम परत करा. बँक म्हणाली, दुसऱ्या पक्षाची रुजुवात आणा. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र असल्याने, दावा पुढे चालू दिला नाही. 1967 मध्ये निजाम निवर्तले. आणि 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या न्यायालयाने निजामांचे नातू व भारत सरकार यांच्या बाजूने निकाल दिला, तोवर त्या रकमेचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते. पाठवण्यास एक हुकूम. परत येण्यास 71 वर्षे! “आणि तुमच्या बटव्यातून,” मी म्हणालो, “ठोकळ्यात बसलेला पैसा 71 वर्षांनीही मागे फिरत नाही. तेव्हा बटण दाबल्यानंतर वाटेल तेवढे धावा. दाबण्यापूर्वी मात्र माणसाला अडवा.” वरिष्ठ बाईंनी हे खरोखरच लिहून घेतले, आणि मी भाच्याकडे पाहिले.

पुढचा टप्पा आला आणि माझा विनोद आटला. बटवा हरवला तर तो पुन्हा मिळवून देणारे 12 शब्द कागदावर उतरवून ठेवायचे असतात; ते 2,048 शब्दांच्या ठरीव यादीतून निघतात. अशा याद्या इंग्रजीत आहेत, जपानीत, कोरियनमध्ये, चेकमध्येही आहेत. आपल्या देशातील एकाही भाषेला त्यांत थारा नाही. माझी आजी अक्षरे लावून लावून वाचीत असे. निजामी राजवटीची तरफदारी मी करणार नाही, मराठी शाळांसाठी झगडलेल्यांच्या घरातला मी आहे. परंतु 1918 पासून निघालेल्या हाली सिक्क्याच्या, म्हणजे निजामी रुपयाच्या, नोटांवर उर्दूशेजारी मराठी, तेलुगू आणि कानडी अक्षरे होती, आणि आपल्या हातात किती रुपये आहेत हे माझ्या त्या आजीला कोणालाही विचारावे लागत नसे. सुलभता म्हणतात ती याहून वेगळी काय असते, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. खोलीत कोणी उत्तर दिले नाही.

“मग मराठी यादी तुम्हीच करा ना, मामा,” भाचा म्हणाला. ती मी सुरू केली आहे. ‘क’पर्यंत आलो, आणि ‘किंकर्तव्यमूढ’ या शब्दावर आमचे बिनसले. लोक तो अशुद्ध लिहितील आणि पैसे कायमचे बुडतील, असे त्याचे म्हणणे. शुद्धलेखन न येणाऱ्याचे पैसे बुडणे हा मला दोष वाटत नाही, सोय वाटते, असे मी त्यास ठणकावून सांगितले.

“म्हणजे पणजीचे गेलेच.”

तो शब्द मी खोडला आणि तेथे ‘किल्ली’ लिहिले. आता तो विचारतो आहे, पहिली वेलांटी की दुसरी.