एक्सेलदादूस

लग्नाची पत्रिका हातात पडली की हा माणूस वधूवरांची नावं नंतर वाचतो, आधी तारीख बघतो. महिना अक्षरात छापलेला असला तर 'शहाणी माणसं दिसतात' असा शेरा मारून पत्रिका खिशात घालतो. नुसतं ०५/०६ छापलेलं असलं की कपाळाला आठी. 'जूनची पाच, का मेची सहा?' यजमान वैतागतो, 'अरे, मे संपला की!' हा शांतपणे म्हणतो, 'ते तुला माहीत आहे. मशीनला कुठे माहीत आहे?'

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत कुठल्याही गावात उतरा, असा एक एक्सेलदादूस भेटतोच. कुठे तो मच्छीमार सोसायटीत लिखापढीला असतो, कुठे झेरॉक्सच्या दुकानात बसून उतारे काढून देतो, कुठे निवृत्त झालेला गणिताचा मास्तर असतो. गावात कॉम्प्युटर शिकलेली पोरं कमी नाहीत. पण ती पनवेलला, नाहीतर सकाळच्या बोटीने मुंबईला. यादी अडली की घरी सापडतो तो हा एकटाच. त्याच्या कीर्तीचं हे कारण मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याचं जन्माचं वैर एकाच कृतीशी आहे, ते म्हणजे सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करणं. परवा नागावच्या एक वहिनी लॅपटॉप पदराखाली धरून आल्या. घरच्या चार खोल्या पर्यटकांना देतात, बुकिंग एका वेबसाइटवरून येतं, तिथून यादी उतरवून घेतलेली.

'भावोजी, मे महिना अख्खा भरलाय म्हणून मी माणसं लावून ठेवली, आणि हा म्हणतो दर महिन्याच्या पाच तारखेला एकेक खोली. जानेवारीची पाच, फेब्रुवारीची पाच, मार्चची पाच. पाच तारखेला काय आहे?'

'उघडलीत कशी?'

'दोनदा टिचकी मारून.'

'आणि बंद करताना?'

'सेव्ह करू का विचारलं त्याने. मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणू?'

दादूसने डोळे मिटले. मग 'सरका' म्हणून खुर्ची ओढली. बाजारात गिऱ्हाईक सुरमईचे कल्ले उघडून बघतं तसा हा तारखांचा रकाना आधी रुंद करून बघतो. कोण डावीकडे टेकलंय, कोण उजवीकडे, एवढंच त्याला हवं असतं. अक्षरं डावीकडे बसतात, आकडे उजवीकडे. आणि एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे आकडाच. वहिनींच्या रकान्यात सुरुवातीच्या ओळी उजवीकडे होत्या, पुढच्या सगळ्या डावीकडे.

'लॅपटॉप कोणी दिला?'

'पुतण्याने. न्यू जर्सीहून आणला.'

'वाटलंच. तिकडे आधी महिना, मग दिवस. तुमची १ मे, ०१/०५, ती याने ५ जानेवारी केली. २ मेची ५ फेब्रुवारी. बारापर्यंतचा आकडा महिना म्हणून खपतो, तोपर्यंत याने न विचारता सगळं उलटं केलं. तेरावा महिना नसतो, मग १३ मेपासून पुढे हात टेकले आणि अक्षरं म्हणून तसंच सोडून दिलं.'

'म्हणजे ती डावीकडची बिघडलेली ना?'

'वहिनी, डावीकडच्या खऱ्या. नीट दिसतात त्या खोट्या.'

वहिनींचा चेहरा पडला. 'मग त्या तेवढ्या उलट करून टाका.' इथे दादूसचा आवाज चढतो. एकदा सेव्ह केल्यावर याने आणखी काय काय बदलून ठेवलंय, हे ओळखायचं कसं? त्याने ती फाइल फेकली, वेबसाइटवरून नवी उतरवली, तिला हात न लावता कोरी शीट उघडली आणि डेटामध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट' वाटेने आत आणली. डेटा टाइप ओळखू नकोस असं तिला आधी बजावलं, मग तारखेचा रकाना 'युजिंग लोकॅल'मध्ये इंग्लिश इंडिया म्हणून वाचायला लावला. जुन्या एक्सेलवर असता तर त्याने फाइलच्या नावामागचं सीएसव्ही पुसून टीएक्सटी केलं असतं. मग ती एक्सेलमधून उघडायला गेलं की मशीन आपणहून तीन पायऱ्यांची खिडकी उघडतं आणि तिसऱ्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष निवडता येतं. पहिली आणि शेवटची ओळ मूळ यादीशी ताडून पाहिली, लॅपटॉपची रीजन सेटिंग भारताची केली, तेव्हा कुठे चहाचा कप उचलला.

'मला शिकवा ना एकदा,' वहिनी म्हणाल्या.

'सांगितलं की आत्ता.'

सांगितलं खरं, पण माऊस एकदाही सोडला नाही. गावात कुणी काही शिकत नाही ही त्याची कायमची तक्रार आहे, आणि 'सरका' हा त्याचा कायमचा पहिला शब्द आहे. या दोहोंचा काही संबंध असावा असं त्याच्या मनात येत नाही.

१ जून हा आमच्या किनाऱ्यावर त्याचा सर्वात जड दिवस. गावातल्या साठीपुढच्या निम्म्या माणसांचा जन्म त्या दिवशी झाला आहे, कारण शाळेत घालताना आईबापांना तारीख ठाऊक नव्हती आणि गुरुजींना जूनमध्ये वर्ग सुरू करायचा होता. पेन्शनरांची यादी वाकड्या सेटिंगच्या मशीनवर उघडली की ही सगळी मंडळी एका झटक्यात ६ जानेवारीला जन्मतात. वर्ष दोनच आकड्यांत लिहिलं असेल तर आणखी मजा. २८ साली जन्मलेल्या आजींना मशीन २०२८ साल देतं, म्हणजे आजींनी अजून जन्म घ्यायचा आहे आणि हयातीचा दाखला आधीच जोडला आहे. मासेमारीची पावसाळी बंदीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. तिच्या ०१/०६ची ६ जानेवारी होते आणि ३१/०७ तारीखच राहत नाही. बंदी जानेवारीत सुरू होते आणि संपत नाही. दादूस हे सांगताना नाखव्यांच्या तोंडाकडे बघतो, आणि नाखवे गंभीरपणे मान हलवतात, कारण सरकार असं करू शकेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते.

त्यातल्या त्यात सुखाची तारीख म्हणजे ६ जून. ०६/०६ कशीही वाचा, राज्याभिषेक दिनच. 'महाराजांनी विचार करून दिवस निवडला,' असं तो छाती काढून सांगतो. एका पोराने लगेच ०६/०६/१६७४ टाकून दाखवलं, तर तारीख डाव्या भिंतीला चिकटून बसली. एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीचं सगळं त्याच्या लेखी नुसती अक्षरं. अख्खी शिवशाही डावीकडे! दादूस दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

जमिनीचे दलाल हे त्याचं दुसरं गिऱ्हाईक, आणि त्यांच्याकडून मात्र तो पैसे घेतो. अलिबागेकडे जमिनीला हात लावायची सोय उरलेली नाही, त्यामुळे याद्या लांबलचक: सर्वे नंबर, हिस्सा, क्षेत्र, मालक. सर्वे नंबर ७, हिस्सा १२ असं लिहायला ७/१२ टाइप केलं की एक्सेल त्याचा ७ डिसेंबर करून मोकळं होतं. ५/२चा झाला ५ फेब्रुवारी. घाबरून रकाना 'टेक्स्ट' करायला जावं तर त्या जागी ४५६३३ उमटतं, कारण २०२४ सालचा ७ डिसेंबर हा १९०० पासून मोजत आलेला तेवढ्या नंबरचा दिवस. दलाल तो आकडा भाव समजून खूश होतो. टाइप करण्याआधीच रकाना टेक्स्ट करा, नाहीतर आकड्यापुढे अपॉस्ट्रॉफी द्या, एवढाच उपाय. पण लोक येतात ते नंतर. महाराष्ट्रात राहून ज्याला सातबारा कळत नाही त्या मशीनला अक्कल ती काय, असं दादूसचं मत आहे आणि इथे मी त्याच्या बाजूचा आहे. ज्याला माहीत नाही त्याने विचारावं. हे विचारत नाही, ठोकून देतं.

रंगात आला की तो २९ फेब्रुवारी १९०० वर येतो. असा दिवस उगवलाच नव्हता, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हे. पण जुन्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती, आणि तिच्याशी जुळवून घ्यायला एक्सेलने ती तशीच उचलली. हे तो बाराव्याच्या जेवणालाही सांगतो. मग गाडी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची मोजणी इथे हलवली, १९०४ साली. तिथल्या नोंदी आंतरराष्ट्रीय पद्धतीने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा जातात, पुढे वर्षातला कितवा दिवस तोही. 'जगात गोंधळ, आणि आपल्या अलिबागेत शिस्त!' जुन्या मॅकवर एक्सेल दिवस मोजायचं तेही १९०४ पासून, म्हणून तिकडची शीट इकडे चिकटवली की कधी कधी तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात. दोन्हीकडे १९०४ आलं हा योगायोग आहे, हे मी त्याला पटवू शकलेलो नाही.

घरात मात्र त्याचं चालत नाही. बायको दुधाचा हिशेब कालनिर्णयवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवते. याने तो एकदा शीटवर घेतला. महिनाअखेर दूधवाल्याचा, बायकोचा आणि शीटचा असे तीन आकडे झाले आणि पैसे फुल्यांप्रमाणे दिले गेले.

पण त्याला खरा घाम फुटतो तो सोसायटीत, डिझेलच्या परताव्याची माहिती भरताना. समोर म्हातारा नाखवा, पावत्या भिजून लगदा झालेल्या.

'काका, डिझेल कधी भरलं? आधी वर्ष सांगा, मग महिना, मग दिवस.'

'अष्टमीला भरलं. दर्याला भांग होता.'

दादूसने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. 'कुठल्या महिन्याची?'

'नारळी पुनवेच्या नंतरची.'

'त्यानंतर अष्टम्या पुष्कळ झाल्या, काका. शुद्ध की वद्य?'

नाखव्याने त्याच्याकडे कीव आल्यागत बघितलं.

'जाळं रिकामं आलं ती.'