कूलर नसलेलं घोडदळ

झिरो माइल स्मारकातले चार घोडे सोडले तर नागपुरात घोडा आता फक्त वरातीत दिसतो. तोही भाड्याचा आणि डीजेला सरावलेला. एके काळी मात्र या गावाचा धंदाच घोड्यावर चालायचा. 1740च्या दशकात पहिल्या रघूजी भोसल्यांचं घोडदळ भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली इथून निघालं ते थेट बंगालात शिरलं. तिथल्या आया पोरांना झोपवताना बारगिरांची, म्हणजे या स्वारांची, भीती घालू लागल्या. नागपूरकराच्या नुसत्या नावानं दुसऱ्याचं पोर झोपतं, याहून मोठी लष्करी कीर्ती कोणती?

ही कीर्ती 1817च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीखाली संपली. अप्पासाहेब भोसल्यांच्या मोठ्या फौजेपुढे इंग्रजांची लहानशी तुकडी रात्रभर कशीबशी टिकली. 27 तारखेला कॅप्टन फिट्झजेराल्डनं मूठभर स्वार घेऊन दौड घातली आणि पारडं फिरलं. हे स्वार कुठल्या पलटणीचे? बंगाल घोडदळाचे! त्यांत बंगाली कोणी नसणार, पण हिशेब चुकता झाला तो झालाच.

तेव्हापासून आमच्या खानदानात कोणी घोडदळात गेलेलं नाही. त्याआधीही गेलं नसावं, पण तसं म्हणायची पद्धत आहे.

आता भाचा डेहराडूनच्या लष्करी अकादमीत आहे. मागच्या सुट्टीत घरी आला तो एक प्रश्न घेऊन. पायदळ, तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स, घोडदळ अशा यादीतून पसंतीक्रम भरून द्यायचा होता. त्याचा कल घोडदळाकडे होता. ‘कल’ हा शब्द आमच्या घरी धोक्याचा. कोणाचा कल आहे असं नुसतं कळलं की बाकीचे तो दुसरीकडे वळवायला बसतात. रविवारी पोह्यांवर तर्री ओतली गेली आणि सभा भरली.

आजीचं मत सर्वांत आधी आणि सर्वांत पक्कं. “गार्ड्समध्ये जा. कामठीले आहे. रविवारी जेवाले येशील.” कामठीत गार्ड्सचं केंद्र आहे, पलटणी मात्र देशभर असतात, हे तिला समजावलं. “मंग केंद्रातच ठेवा म्हणा त्याले,” म्हणाली.

“आणि घोडदळात घोडा तं राहीन ना?”

घोडा नव्हता. लष्करात घोड्यावर बसणारी लढाऊ रेजिमेंट आता एकच, जयपूरची 61 कॅव्हलरी. संस्थानांची घोडदळं एकत्र करून ती 1953 साली उभी केली. बाकीच्यांनी घोडे कधीच सोडले आणि रणगाडे घेतले. नावं मात्र सोडली नाहीत. कोणी ‘हॉर्स’, कोणी ‘लान्सर्स’. जवानाला अजून ‘सवार’ म्हणतात, त्याच्यावर दफेदार, त्याच्यावर रिसालदार. रघूजींच्या हजेरीपटातून उचलल्यासारखी सगळी मंडळी, फक्त बुडाखाली घोड्याऐवजी चाळीस-पंचेचाळीस टन लोखंड.

“गाडी आपल्याले घ्या लागते का?” भाऊजींनी विचारलं. सगळे हसले, पण ऐतिहासिकदृष्ट्या प्रश्न चोख होता. मराठ्यांचा बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. इंग्रजांनीही ही शिलेदारी उचलली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांच्या बऱ्याच देशी रिसाल्यांत चालवली. आता सगळा कारभार बारगिरीचा, रणगाडा सरकार देतं, असं मी सांगितल्यावर भाऊजींनी तर्री पुन्हा वाढून घेतली. भविष्य निर्वाह निधी वाचला होता.

मग अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले शेजारचे काका बोलले. जन्मभर गोळ्यांची कवचं तयार केल्यामुळे गोळा कुठे पडतो याबद्दल त्यांना उत्सुकता उरलेली नाही. म्हणाले, “टी-90मध्ये तिघं बसतेत. कमांडर, गनर, ड्रायव्हर. रशियन माप. हा सहा फुटाचा पोरगा घडी करून ठेवा लागन. वाळवंटात बंद डब्यात पन्नाशीच्या वर पारा जाते.”

पारा निघाल्यावर सभेचा नूरच बदलला. नवतपा अनुभवलेल्या माणसाला कोणी उन्हाची भीती घालावी? “पन्नास म्हणजे काय, आपल्या गच्चीवर राहते!” असं तीन बाजूंनी एकदम ऐकू आलं. क्षणभर वाटलं, लष्करानं नागपूरकरांचा वेगळा रिसालाच उभारावा. तेवढ्यात ताईनं विचारलं, “पण कूलर कुठं लावतेत?”

सभा पुन्हा शांत झाली.

एवढा वेळ भाचा नुसता पोहे खात होता. आता त्यानं अरुण खेत्रपालांचं नाव काढलं. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट, जन्म पुण्याचा. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई. रणगाडा पेटला होता, बाहेर पडायचा हुकूम आला होता. तोफ चालते आहे म्हणून ते आतच राहिले. परमवीर चक्र मिळालं ते मरणोत्तर. वय 21. भाचा 22चा आहे. तर्रीचं भांडं कोणी पुढे सरकवलं नाही, आणि माझ्याजवळचा इतिहासही तेवढ्यापुरता संपला.

आजीनंच विषय पुढे नेला. “शिकवतेत कुठं?”

“नगरला.” म्हणजे आताचं अहिल्यानगर, तिथे रणगाडेवाल्या चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा आहे. आजीचा चेहरा उजळला. शिर्डी-शिंगणापूरच्या सहलीत तिथलं रणगाडा संग्रहालय तिनं पाहिलेलं. देव वाटेवर आहेत म्हटल्यावर तिची हरकत संपली.

खरं सांगायचं तर या सभेला काडीचा अर्थ नव्हता. पसंती कॅडेट कळवतो, पण गुणवत्ता आणि जागा बघून ठरवतं लष्कर. आजीची कामठी आणि काकांचा पारा त्या अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

भाच्यानं पहिली पसंती घोडदळाला दिली. शौर्य, परंपरा, काळी बेरे टोपी, यातलं नेमकं काय भावलं म्हणून मी विचारलं.

“मामा, पायदळात लई चालावं लागते.”

कारण पटण्यासारखं आहे. आमच्यात कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढतात. तुमच्या घरी कोणी असा अर्ज भरत असेल तर त्याला एकट्याला भरू द्या, आणि इतिहास वाचलेल्या मामाला तर त्या दिवशी मुळीच बोलावू नका.