चाकावरचे बालकलावंत

उन्हाळ्याच्या सुटीत आपले पाच वर्षांचे अपत्य कलासंपन्न व्हावे, या उदात्त हेतूने नगरवासी पालक त्यास ज्या कुंभारकामाच्या वर्गात रुजू करतात, तेथे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसविण्याचे, म्हणजे या विद्येतील सर्वांत दुर्घट, काम शिक्षकच करतो, भांड्याच्या भिंतीही त्याच्याच बोटांनी उचलल्या जातात, आणि बालकाकडे त्या बोटांवर तळवा टेकवून छायाचित्रापुरते हसण्याची तेवढी कामगिरी उरते. तासाभरात बोळके सिद्ध होते. सोबत सहीशिक्क्याची सनदही मिळते.

वस्तुतः फिरत्या गोळ्यास मध्यावर दाबून धरण्याचे बळ त्या कोवळ्या मनगटांत नसते. चिमटीने वाटी घडविणे किंवा मातीच्या वळ्या रचून भांडे उभारणे, हे चाकाहूनही प्राचीन प्रकार त्या वयास मानवतात. परंतु त्यांत काहीच गरगरत नसल्याने ते भरलेल्या शुल्काच्या मानाने पालकांस क्षुल्लक वाटतात. माती तुडवून, मळून तिच्यातील हवा काढणे तर अभ्यासक्रमातून मुळातच खारीज, कारण त्याने कपडे मळतात. (1937 साली वर्ध्यास हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली गेली, तेव्हा हात मुलांचेच असणार, हे गृहीत होते!)

बोळके त्याच सायंकाळी घरी न्यावयाचे, म्हणून सावकाश वाळविणे आणि आव्यात भाजणे यांनाही फाटा मिळतो. तेव्हा पालकहो, ही कलाकृती पाहुण्यांस अवश्य दाखवावी. तिच्यात पाणी मात्र ओतू नये.